रिव्हॉल्व्हरचे सात ठसे

तुमच्या घरातल्या किंवा ऑफिसातल्या एखाद्या वयस्कर माणसाचा हात चुकला, तेव्हा ‘आता वय झालं’ असं म्हणण्याआधी तुम्ही नेमकं काय मोजलं होतं?

मी काहीच मोजलं नव्हतं. आणि मोजणं हा माझा धंदा आहे.

एकदम प्रश्न अंगावर टाकला म्हणून रागावू नका. ही सवय बाबांची. माझे बाबा कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. म्हणजे लोखंड ज्या आकारात ओतायचं, तो आकार ते आधी लाकडात कोरायचे. कारखान्याबाहेर ते युनियनची पत्रकं लिहायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. ‘बोनस’ हा शब्द मला ‘बदक’च्या आधी वाचता यायचा. पत्रकाचा त्यांचा नियम एकच होता. पहिल्या ओळीत प्रश्न, शेवटच्या ओळीत काम, आणि मधे जे खरं आहे ते. जर्मनीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिही असं सांगणं आलं, तेव्हा मला दुसरी कुठली रीत ठाऊक नव्हती.

गेली सहा वर्षं मी श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात एका लहान वर्कशॉपमध्ये आहे. आमच्या रस्त्याच्या एका टोकाला महागड्या स्पोर्ट्स कारचा कारखाना आहे. आखनच्या विद्यापीठात माझ्याबरोबर शिकलेले तिघे तिकडे नोकरीला आहेत आणि दुपारी कधी भेटले तर माझ्या काळ्या नखांकडे बघतात. मी दुसऱ्या टोकाला, टायरच्या दुकानामागे. तीन यंत्रं, एक वितळभट्टी, आणि मालक हेर, म्हणजे श्रीयुत, डोब्लर. बाबांशी बोलताना मी त्यांना डोब्लरमिस्त्री म्हणते.

आम्ही गोळ्यांचे साचे बनवतो. मंडळाच्या गणपतीत हे सांगितलं की पुण्याच्या मंडळींचा चेहरा आधी उजळतो, त्यांना औषधाच्या वाटतात. मग मी रिव्हॉल्व्हरच्या म्हणते, आणि एखाद्या काकू हळूच आपल्या मुलाला दुसऱ्या खुर्चीवर बसवतात.

तर आधी तेच स्पष्ट करते. आम्ही बंदूक विकत नाही, दारू विकत नाही, भरलेलं काडतूस विकत नाही. इथे नेमबाजीचे क्लब गावोगाव आहेत. बंदुकीला परवाना लागतो, दारूला वेगळा, आणि दोन्हींसाठी कागदांची थप्पी. या क्लबांतले काही हौशी लोक आपल्या गोळ्या स्वतः शिशात ओततात, कारण हाताने नीट ओतलेली गोळी त्यांच्या बंदुकीला जशी बसते तशी दुकानातली बसत नाही. त्यांना साचा लागतो. तो आमच्याकडे मिळतो.

मुलाखतीला मी हेर डोब्लरना पहिलाच प्रश्न विचारला होता, “यातलं काही सैन्याला जातं का?”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “एकेक गोळी पळीने ओतत बसणारं सैन्य मी अजून पाहिलेलं नाही. दिसलं तर मी त्यांना साचा फुकट देईन. त्यांचं युद्ध कधी सुरूच होणार नाही.”

बाबांना फोनवर पटवणं याहून अवघड गेलं.

“कशाचे साचे म्हणालीस?”

“गोळ्यांचे. नेमबाजीच्या.”

मग, “युद्ध नको म्हणून मी किती पत्रकं काढली, ठाऊक हाय न्हवं तुला?”

“घड्या मीच घालायचे, बाबा.”

“मग?”

“हे लोक कागदावर नेम धरतात. कागदाला भोक पडतं, दुसरं काही होत नाही.”

“आज कागदाला,” म्हणाले आणि फोन आईकडे दिला. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी स्वतः फोन केला. “ते ऱ्हाऊ दे. शिसं थंड झाल्यावर आकसतं किती? तुझा मिस्त्री साच्यात तेवढं जास्त धरतो का न्हाई?” पॅटर्नमेकरला तत्त्वापुढे गप्प बसवता येतं; आकसणाऱ्या धातूपुढे नाही. मी मात्र माझ्यापुरता एक नियम करून टाकला. साचे बनवीन, बंदुकीला हात लावणार नाही. तो आजपर्यंत पाळला आहे.

आता साचा निवडायचा कसा, ते सांगते. त्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

लोकांना वाटतं, ‘अडतीस कॅलिबर’ म्हटलं की झालं. सात नंबर म्हटल्यावर प्रत्येक दुकानातली सात नंबरची चप्पल तुमच्या पायाला बसते का? कॅलिबर हे आडनाव आहे. त्यावरून घराणं कळतं, माणूस कळत नाही. नळीच्या आतून मळसूत्रासारख्या खाचा असतात. त्या गोळीला फिरकी देतात, आणि फिरकी मिळालेली गोळी भोवऱ्यासारखी तोल सांभाळून सरळ जाते. पण खाचांनी पकडायची तर गोळी नळीहून किंचित जाड हवी. सैल राहिली तर मागचा तापलेला वायू कडेने निसटतो, शिसं खरवडतो, ते नळीला चिकटतं, आणि नेम भरकटतो.

रिव्हॉल्व्हरला यात आणखी एक उपकलम आहे. त्याची सहा भोकांची चक्री असते. गोळी आधी चक्रीच्या भोकातून निघते आणि मग नळीत शिरते. भोक ऐसपैस आणि गोळी बारीक असेल तर ती नळीच्या तोंडाशी तिरकी पोचते. अरुंद दारातून कपाट तिरकं आत घेतलं की काय होतं, ते घर बदललेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

म्हणून हेर डोब्लरांचा नियम असा: बंदुकीवर काय कोरलंय ते बघायचं नाही, ती आतून काय आहे ते बघायचं. गिऱ्हाइकाने मऊ शिशाची गोटी रिकाम्या नळीत बसवायची, लाकडी दांडीने ठोकत पलीकडून काढायची. तसंच चक्रीच्या प्रत्येक भोकातून. नळीचा एक आणि चक्रीचे सहा, असे सात ठसे डबीत घालून पोस्टाने पाठवायचे. सात ठसे आल्याशिवाय साचा नाही. ठसे मोजायचे, आकडे कार्डावर लिहायचे, आणि ठसे पाकिटात घालून त्याच कार्डाला टाचायचे. त्यांच्या वडिलांच्या काळापासूनची कार्डं लाकडी खणांत आहेत. मी तिथे लागले तेव्हा मला हे जरा जुनाट वाटलं होतं. आता वाटतं, इतका प्रामाणिक दस्तऐवज मी दुसरा पाहिलेला नाही. शिसं खोटं बोलत नाही; जिथून गेलं तिथला आकार सांगतं.

माप ठरलं की बाकीची निवड. कागदावर नेम धरणाऱ्याला सपाट तोंडाची गोळी चांगली, ती भोक पंचने पाडल्यासारखं गोल पाडते आणि गुण मोजताना भांडण होत नाही. साचा लोखंडाचा घेतला तर टिकतो, पण जड आणि गंजणारा. पितळ उष्णता छान धरून ठेवतं, पण त्याहून जड. ॲल्युमिनियम हलकं, पटकन तापतं, पण आडदांड हाताने लवकर खरचटतं. आणि एका वेळी किती गोळ्या, हा प्रश्न सगळ्यात शेवटी. गिऱ्हाईक नेमका तो सगळ्यात आधी विचारतं.

एका सॉफ्टवेअर कंपनीतला तरुण आठ घरांचाच, म्हणजे एका वेळी आठ गोळ्या पाडणारा, साचा पाहिजे म्हणून अडून बसला होता. त्याने ताशी किती गोळ्या पडतील याचा तक्ता करून आणला होता.

“आठवड्याला किती झाडता?” हेर डोब्लरनी विचारलं.

“पन्नास.”

“आणि उरलेल्या वेळात काय करणार?”

तो दोन घरांचा घेऊन गेला. दुसरे एक दातांचे डॉक्टर. गोळ्यांवर सुरकुत्या पडतात म्हणून साचाच परत घेऊन आले. त्यांना ओतून दाखवायला सांगितलं, तर प्रत्येक गोळीनंतर ते साचा उघडून, फुंकून, मऊ ब्रशने झाडून, भिंगातून बघत होते. तेवढ्यात साचा गार पडायचा, आणि गार साच्यात शिसं सुरकुततं. हेर डोब्लर म्हणाले, “बरं, रुग्णाला तोंड उघडं ठेवून इतका वेळ बसवता का?” डॉक्टर म्हणाले, “हो.”

अशी मजा चालायची. मग फ्राउ लिंडनर आल्या.

आपल्याकडच्यासारखं लिंडनरबाईच म्हणते. सत्तरी ओलांडलेल्या, सडपातळ, केस मुलासारखे बारीक कापलेले. नवरा वारल्यावर त्याचं रिव्हॉल्व्हर त्यांनी रीतसर आपल्या परवान्यावर घेतलं होतं. क्लबच्या संघात त्या पंचवीसेक वर्षं होत्या. नवऱ्याचा जुना लोखंडी साचा फरशीवर पडून तडकला, तो त्यांनी भंगारात दिला. मनगट दुखतं, म्हणून आता हलका, ॲल्युमिनियमचा, दोन घरांचा साचा हवा होता. सगळं नीट ठरलं. ठसे काढायच्या मऊ गोट्या त्या घेऊन गेल्या.

एका शुक्रवारी दुपारी त्यांची डबी पोस्टाने आली. आत एकच ठसा, नळीचा. सोबत चिठ्ठी: ‘मनगट फार दुखतंय, चक्रीचे ठसे राहिलेत. हवे असतील तर कळवा, शेजाऱ्यांच्या मदतीने काढून पाठवते.’

हवे असतील तर कळवा. एक फोन करायचा होता. हेर डोब्लर त्या आठवड्यात बाहेरगावी होते, आणि मला दोन वाजता मोर्चाला जायचं होतं. वाढत्या घरभाड्याविरुद्धचा मोर्चा. पत्रकाचा मजकूर मी लिहिलेला, गठ्ठा माझ्याच पिशवीत. चक्रीच्या भोकांचं प्रमाण माप छापील तक्त्यात होतं. मी इंजिनिअर आहे, तक्ता जर्मन आहे, आणखी काय पाहिजे. नळी ९.०७ मिलिमीटर भरली, तक्त्याशी जुळलं. भोकंही तक्त्याप्रमाणेच असणार असं धरून मी ९.०९ च्या गोळीचा साचा कार्डावर लिहिला आणि न्याय मागायला निघून गेले.

साचा देखणा झाला होता, हेही सांगते. लिंडनरबाईंनी तो न्यायला आल्यावर तळहातावर तोलला आणि म्हणाल्या, “पक्ष्याइतका हलका आहे.”

दोन महिन्यांनी त्या परत आल्या. काउंटरवर त्यांनी साच्याचा खोका ठेवला, शेजारी गोळ्यांचा पत्र्याचा डबा.

“साच्यात काही खोट नाही,” त्या म्हणाल्या. “पैसे नकोत. कुणा तरुण माणसाला द्या. हे शिसं वितळवून टाका.”

“आणि तुम्ही?”

“मी थांबले. शुक्रवारी संघाची बैठक आहे, पत्र लिहून ठेवलंय. हात गेला माझा. पंचवीस मीटरवर दहा गोळ्या, आणि भोकं जेवणाच्या ताटाएवढी पसरलेली. आधी बशीत मावायची.” त्यांनी उजवा हात काउंटरवर पालथा ठेवला, परक्या वस्तूसारखा. “रिव्हॉल्व्हरही विकते. नवऱ्याचं आहे, पण वापरायचं नसेल तर ठेवून काय करू?”

मी काय म्हणाले, ते लिहायला लाज वाटते. मी म्हणाले, “होतं असं. वयाप्रमाणे.” अगदी गोड आवाजात. त्या मान हलवून गेल्या.

हेर डोब्लर मागच्या यंत्रावरून हात पुसत आले आणि वितळवण्याआधी डबा चाळायला लागले. ते शिसंसुद्धा बघितल्याशिवाय वितळवत नाहीत. चकचकीत गोळ्यांत त्यांना एक काळवंडलेली सापडली, त्या जुन्या लोखंडी साच्यातली, तळाशी राहून गेलेली. त्यांनी ती बोटांत फिरवली. मग एक नवी फिरवली. मग मायक्रोमीटर घेतला.

“नवी ९.०९,” ते म्हणाले. “जुनी ९.१३.”

चाळीस मायक्रॉनचा फरक. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाहूनही कमी. ते खणापाशी गेले, लिंडनरबाईंचं कार्ड काढलं, टाचलेलं पाकीट तळहातावर उलटं केलं. एक ठसा पडला. त्यांनी पाकीट पुन्हा झटकलं.

“बाकीचे सहा?”

मी सांगितलं. चिठ्ठी, मोर्चा, तक्ता, सगळं.

श्वाबियात, म्हणजे श्टुटगार्टच्या या मुलखात, म्हणतात की शिव्या घातल्या नाहीत म्हणजे पुरेसं कौतुक झालं. या हिशेबाने सहा वर्षांत माझं भरपूर कौतुक झालं होतं. त्या दिवशीही हेर डोब्लरनी शिव्या घातल्या नाहीत, पण ते कौतुक नव्हतं. त्यांनी एवढंच म्हटलं, “तक्ता त्या चक्रीला कधी भेटला होता का?” आणि फोन माझ्यापुढे सरकवला.

लिंडनरबाईंनी लगेच उचलला.

“फ्राउ लिंडनर, हात तुमचा गेलेला नाही. साचा चुकीचा आहे. चूक माझी आहे.”

“फ्राउ सुतार, तुम्ही भल्या आहात.”

“मी खरं सांगतेय.”

“क्लबमधलेही खरंच सांगत होते. आधी म्हणाले, प्रकाश कमी होता. मग म्हणाले, वारा होता. बंद हॉलमध्ये वारा. शेवटी मीच म्हटलं, हात गेला, तेव्हा सगळे किती सुटले. आणि काल तुम्हीच म्हणालात ना, वयाप्रमाणे?”

‘आज’ म्हणायचं सोडून त्या ‘काल’ म्हणाल्या, तेवढंही मला दुरुस्त करवेना. त्यांना तो दिवस संपलेलाच वाटत होता.

“उद्या घरी येऊ का? आपण मोजू.”

“कॉफीला या. मोजायला नको.”

मी मोजायचं सामान घेऊनच गेले. गोट्या, लाकडी दांडी, लाकडी हातोडी, मायक्रोमीटर. किचनच्या टेबलावर केक होता आणि त्याच्याशेजारी तिकीट लावलेलं पाकीट. संघाला द्यायचं पत्र. हाताने देण्याइतकं धैर्य झालं नाही तर पोस्टात टाकता यावं, म्हणून तिकीट.

त्यांनी कॉफी ओतली, आणि कप दोन्ही हातांनी धरून उचलला.

“थंडी वाजतेय?”

“नाही. आता असाच धरते. सांडायला नको.”

आपण एखादीच्या नळीत चुकीची गोळी घातली, तर ती तिच्या कपापर्यंत पोचते, हे मला कुठल्या तक्त्यात सापडलं नसतं.

मी सामान टेबलावर मांडलं. त्या बघत राहिल्या. दया दाखवायला आलेली मुलगी असं काही तरी त्यांना म्हणायचं होतं. पण मायक्रोमीटर उघडून मी शून्य तपासायला लागले, तशी त्यांची भुवई वर गेली.

“तो इकडे द्या. नळाची तोटी फिरवल्यासारखा धरताय. मी घड्याळाच्या कारखान्यात तपासणी विभागात आयुष्य काढलंय.”

कपाटातून त्यांनी रिव्हॉल्व्हर आणलं, रिकामं असल्याची दोनदा खात्री केली, चक्री बाहेर काढून लाकडी ठोकळ्यावर ठेवली. “धरता?”

“बंदुकीला मी हात लावत नाही,” मी म्हटलं. “माझा नियम आहे.”

“वा. सात ठशांचा नियम मोडता आणि हा पाळता.”

त्यांनी चक्री स्वतःच डाव्या हाताने धरली. गोटी, दांडी, हातोडी. एक घाव, दुसरा, तिसरा, आणि ठसा खाली. पुन्हा गोटी. सहा भोकं, वीस-बावीस घाव, एकही दांडीवरून घसरला नाही. मनगट दुखत होतं, मधे दोनदा थांबून त्यांनी ते चोळलं. पण दुखणं वेगळं आणि थरथरणं वेगळं. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. त्या ठशांकडे बघत होत्या.

मोजलं त्यांनीच. लिहायला जवळ कागद नव्हता, म्हणून ते तिकीट लावलेलं पाकीट उलटं केलं आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने उतरवत गेल्या. ९.१४. ९.१४. ९.१३. ९.१४. ९.१४. ९.१३. सहाव्यानंतर पेन्सिल खाली ठेवली. माझ्या साच्यातली गोळी एका भोकात सोडून पाहिली. ती विहिरीत दगड पडावा तशी निघून गेली. मग ती काळवंडलेली जुनी, मी बरोबर नेली होती, ती सोडली. ती अडली, आणि अंगठ्याने जरा दाबल्यावर गेली.

“गेनाऊ, तंतोतंत,” त्या हळूच म्हणाल्या. मग, “दोन महिने.”

“हो.”

“मी काचेचे ग्लास शेजारणीला देऊन टाकले. पडून फुटतील म्हणून.”

“सॉरी.”

“विचारलं का नाहीत? मी लिहिलं होतं, हवे असतील तर कळवा.”

“मोर्चाला जायचं होतं.”

“कसला मोर्चा?”

“घरभाड्याचा.”

“भाडं कमी झालं?”

“नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि केक कापायला घेतला. “जा, नवा साचा करा. आणि ग्लास परत मागायला तुम्ही माझ्याबरोबर चला. ती बाई देताना नाटकं करेल.”

नवा साचा मीच कापला. हेर डोब्लर शेजारी उभे राहिले, हात मागे बांधून. गोळी ९.१३ ची हवी, शिसं आकसतं तेवढं जास्त धरून. सात ठशांचं हे माझं पहिलंच काम, असं समजून मी तो साचा केला. संघाच्या बैठकीला लिंडनरबाई गेल्या, पण पत्र द्यायला नाही. पाकीट दाखवायला गेल्या, पाठीवरचे आकडे. एक फेरी नेमबाजी करू द्या, मग ठरवा, असं त्यांनी मागितलं. ते मिळालं.

त्या फेरीला मी गेले. नेमबाजीच्या हॉलमध्ये माझं ते पहिलं पाऊल. कानांवर आवाज अडवणारे मफ्स, काचेमागे उभी. दहा गोळ्या झाडून झाल्यावर कागद पुढे आला. सात भोकं बशीत मावतील अशी, एकमेकांना बिलगून, कडा स्वच्छ. तीन बाहेर, बरीच लांब.

मी पुटपुटले, “अजून साच्यात काही—”

“नाही.” त्यांनी त्या तिघांवर बोट ठेवलं. “या तीन माझ्या. वय आहे, मनगट आहे, मी आंधळी नाही. पण दोन महिने भरकटलेल्या बाकीच्या तुमच्या होत्या. माझ्या खात्यावर तुम्ही तुमच्या टाकल्या, याचा मला राग आहे.”

हे वाक्य मला पत्रकात लिहिता आलं नसतं. वय झालेलं माणूस चुकतच नाही, असा दावा ते करत नाही. ते फक्त स्वतःच्या वाटणीची चूक मागतं, दुसऱ्याची नाही. त्यांना संघात ठेवलं. तो हंगाम क्लब हरला, आणि त्यात त्यांच्या तीन गोळ्यांचाही वाटा होता. पुढचा हंगाम त्या पुन्हा खेळल्या.

त्याच आठवड्यात मी घरी फोन केला. बाबांनी वर्षभर एक अक्षर लिहिलं नव्हतं. “हात वाकडा चालतोय, ओळ चुकतीया, वय झालं,” म्हणायचे, आणि मी “होतं असं” म्हणून विषय बदलायचे. या वेळी आईला विचारलं, “बाबांचा चष्मा कधीचा आहे गं?”

आई आठवायला लागली. “तू आखनला गेलीस, त्याच्या आदल्या वर्षीचा.”

तो चष्मा बाजारातून घाईघाईत मीच करून आणला होता. नवा नंबर काढला. ओळ अजून थोडी वाकडी जाते, ती त्यांची. पण परवा एक पत्रक आलं, फोटो काढून पाठवलेलं, खाली माझ्यासाठी टीप: ‘तुझ्या मिस्त्रीला नमस्कार सांग. सात ठशांचं पटलं. गोळ्यांचं अजून न्हाई.’

आता शेवटची ओळ, म्हणजे काम. या दिवाळीत तुमच्या घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या रोज हातात असणारी एक वस्तू उचला. चष्मा, सुरी, काठी, मोबाइल, औषधाच्या डबीचं झाकण, काहीही. ती त्यांना खरोखर बसते का, ते तपासा. मनाने नाही, त्यांना शेजारी बसवून, मोजून. दोष वस्तूत निघाला तर बदलून द्या आणि माप त्यांना दाखवा. आणि ती वस्तू तुम्हीच आणून दिलेली असेल, तर तेही सांगा.